बागेचं ‘विंटर पॅकेज’: साडेतीन तारे, त्यातले अडीच माळीमामांचे

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते. अंगणाची फरशी घासायला, कुंड्या हलवायला, झोपाळ्याला तेल द्यायला, बागकाम करून देणाऱ्या या लोकांना खुशाल बोलवा, पैसे वसूल होतात. पण त्यांना कामाला लावून आत मालिका बघत बसू नका. खुर्ची टाकून अंगणातच बसा. आणि पिशवीत ॲसिडची बाटली दिसली तर ती आधी फाटकाबाहेर ठेवायला लावा. का ते पुढे येईलच.

सेवेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पोरं कष्टाळू आहेत, चूक दाखवली की हुज्जत घालत नाहीत. नाव टाकलं की लोक तेवढंच लक्षात ठेवतात आणि बाकीचं वाचत नाहीत. दिवाळीच्या सुमाराला साताऱ्यात पेपरातून जी पत्रकं गळून पडतात, त्यांतलंच एक समजा.

आमचं घर मंगळवार पेठेत. जुनं, बैठं. पुढे पाऊण गुंठ्याचं अंगण, म्हणजे आठशे चौरस फुटांहून थोडं जास्त. निम्म्या जागेत सासऱ्यांनी घातलेली शहाबादी फरशी, मध्ये तुळशीवृंदावन, कोपऱ्यात केशर आंबा, भिंतीलगत कढीपत्ता आणि जास्वंद. अकरा गुलाब कुंड्यांत, शेवंतीच्या सहा कुंड्या, आणि दोन वाफे. यवतेश्वराच्या डोंगराकडून पाऊस एकदा उतरायला लागला की चार महिने आमच्या अंगणाला कोरडं म्हणून ठाऊक नसतं. गणपतीपर्यंत फरशीवर शेवाळाचा असा काही गालिचा होतो की पाहुणे कौतुक करतात आणि मग पडतात. गेल्या वर्षी ऐन वसुबारसेला यांचा पाय घसरला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. करंज्या मी केल्या, खाल्ल्या यांनी डाव्या हातानं. त्यामुळे या वर्षी ठरवलं होतं, गुडघे दुखतात तर दुखू देत, पैसे गेले तर जाऊ देत, पण तुळशीच्या लग्नाआधी अंगण माणसात आणायचं.

पत्रक मजेदार होतं. वर मोठ्या अक्षरांत ‘विंटर पॅकेज’ आणि खाली एका बाकावर वीतभर बर्फ साचल्याचा फोटो. साताऱ्यात! पॅकेजमध्ये काय काय, तर अंगणाची फरशी धुणे, वाळलेली झाडं काढणे, छाटणी, बाहेरचं फर्निचर झाकून ठेवणे, नळाच्या पाइपातलं पाणी काढून टाकणे, नाजूक झाडांना थंडीचं कापड घालणे. एक गुंठ्यापर्यंत ₹३,५००, माती-खत वेगळं.

फोन केला. पलीकडून तरुण आवाज, मालकच असावा.

“काकू, तुमची बाग आम्ही थंडीसाठी एकदम पॅक करून देतो.”

“पॅक कशाला? आमची बाग तर आत्ता उघडते.”

“म्हणजे?”

म्हणजे काय ते त्याला दहा मिनिटं सांगितलं. माझी भाची कॅनडात असते. तिच्याकडे ही सगळी यादी शब्दन् शब्द खरी आहे. ती ऑक्टोबरातच अंगणातला नळ आतून बंद करते आणि नळीतलं पाणी निथळून टाकते. पाण्याचा बर्फ झाला की ते साधारण नऊ टक्के जास्त जागा मागतं, ती मिळाली नाही की पाइप फोडतं. डेलियाचे कंद ती खणून काढते आणि तळघरात भुशात ठेवते, कारण जमिनीत राहिले तर गोठून त्यांचा लगदा होतो. गुलाबाच्या बुंध्याशी मातीचा ढीग लावते. तिथे नोव्हेंबर म्हणजे बागेची झोप. आमच्याकडे उलट. पावसात झोडपून निघालेली, किडीनं चाळण झालेली झाडं दिवाळीनंतर कुठे श्वास घेतात. मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक, लसूण, वाटाणा, सगळं लावायचं ते आत्ताच. गुलाबाला फुलं येणार ती आत्ताच्या छाटणीवर. आणि हे महाशय कापड घालून ठेवायला निघालेत!

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काकू, तुम्हाला नको ते करत नाही. रेट मात्र तोच राहील.” धंद्याला हुशार आहे पोरगा. मी हो म्हटलं.

ठरल्या दिवशी साडेआठला तिघं हजर. वेळेचा एक तारा इथेच देऊन टाकते, कारण आपल्याकडे प्लंबर ‘निघालोय’ म्हणतो तेव्हा तो अजून आंघोळीला गेलेला नसतो. दोन विशी-बाविशीची पोरं आणि एक साठीचे माळीमामा. धोतर नाही, पण टोपी होती. कमरेला विळा. मामांनी आल्या आल्या चपला काढल्या, तुळशीला हात जोडले आणि मग गुलाबांकडे बघून म्हणाले, “बाई, लय दिवस हात न्हाय लागला वाटतं.” लागला नव्हता. मान्य.

पोरांनी प्रेशर वॉशर आणलेला. आधी मीही खूश झाले. फवारा जिथे लागेल तिथे हिरवं निघून खालचा निळसर करडा दगड लख्ख दिसत होता, शाळेत ओल्या फडक्यानं फळा पुसावा तसा. पण पोरगं उत्साहात नळी वीतभर अंतरावर धरून फिरवायला लागलं. फरशीच्या दोन लाद्यांमधल्या दर्जा, म्हणजे फटी, असतात, त्यातलं सिमेंट जुनं. फवाऱ्यासरशी त्याचे तुकडे उडायला लागले. मी ओरडेपर्यंत सात-आठ फूट दर्ज मोकळी झाली होती. मग त्याला सांगितलं, हातभर लांबून धर, तिरका धर, आणि दर्जेच्या रेषेत फिरवू नकोस, आडवा फिरव. पुढचं काम नीट झालं. मात्र दीड तासात गच्चीवरची हजार लिटरची टाकी निम्म्यावर आली. ज्यांच्याकडे सकाळी तासाभर कास तलावाचं पाणी येतं आणि त्यावर दिवस काढायचा असतो, त्यांनी हा हिशेब आधी करावा. तुळशीवृंदावनावर मी आदल्याच दिवशी गेरू दिला होता. त्याचे लाल ओघळ फरशीभर. ती चूक माझी, आधी धुऊन मग रंगवायला हवं होतं.

आता ॲसिड.

फवाऱ्यानं न निघालेल्या कोपऱ्यांत एका पोरानं ब्लीचिंग पावडर भुरभुरली. इथवर बरोबर. शेवाळ मारायला ब्लीचिंग पावडर चांगलीच. बादलीत मूठभर कालवून टाकावी, पंधरा-वीस मिनिटं राहू द्यावी, मग खराट्यानं घासून धुवावी. फक्त ते पाणी वाफ्यात जाऊ देऊ नये. पण दुसरं पोरगं मागून आलं ते संडास-बाथरूमचं ॲसिड घेऊन, आणि बाटलीचं टोपण उघडून त्याच ओल्या पांढऱ्या पावडरीवर ओतायच्या बेतात.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होते. खुर्चीवरून इतक्या चपळाईनं मी यांच्या अपघातालाही उठले नव्हते. “थांब! खाली ठेव ते!”

पोरगं घाबरून थांबलं. ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. हिरवट पिवळा, हवेहून जड, त्यामुळे जमिनीलगत राहतो, आणि फरशी घासणारा माणूस तर उकिडवा बसलेला असतो, नाक नेमकं तिथेच. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, जास्त झालं तर फुप्फुसात पाणी होतं. पोरांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. “आम्ही रोजच वापरतो काकू, कधी हे आधी, कधी ते आधी,” असं तो म्हणाला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मालकाला त्याच दिवशी फोन करून मी हे सांगितलं. तारा कापला आहे तो याच्यासाठी. फरशी खराब झाली तर बदलता येते.

आणि फरशीही खराब झालीच असती. पोरांची समजूत पटावी म्हणून मी त्यांना बाजूला, कोरड्या जागी नेलं. फाटकाजवळ शहाबादीचा एक फुटका तुकडा पडलेला होता. त्याच्यावर बाटलीच्या टोपणातून चार थेंब सोडले. थेंब पडले तिथे बारीक बुडबुड्यांचा पांढरा फेस उठला, चर्र असा आवाज आला, आणि फेस बसल्यावर पाण्यानं धुतलं तर त्या चार जागा बोटाला खरखरीत लागत होत्या. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. कर्नाटकात कलबुर्गीजवळ शहाबाद आहे, तिथला. स्वयंपाकघराच्या ओट्याचा काळा कडप्पाही त्याच जातीचा. चुनखडीवर ॲसिड पडलं की दगड विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, तोच तो फेस. दोन-तीन वेळा असं धुतलं की वरचा गुळगुळीतपणा जातो, बारीक खळगे पडतात, आणि पुढच्या पावसात शेवाळाला बसायला आयती जागा. म्हणजे शेवाळ काढायला जायचं आणि शेवाळाची सोय करून यायची. ग्रॅनाइटला किंवा चिनी मातीच्या टाइल्सना चालतं म्हणून सगळ्याला चालत नाही. दर्जेतलं सिमेंटही ॲसिड खातं.

पोरांनी तो तुकडा खिशात घालून नेला, मालकाला दाखवायला. हे मला आवडलं.

एवढं सगळं चालू असताना मामा मात्र गुलाबांपाशी. एकेका झाडाभोवती आधी नुसते फिरायचे. मग वाळकी फांदी बुडातून, एकमेकींना घासणाऱ्या दोघींतली एक, आणि आतल्या बाजूला वळलेली, एवढं काढायचे. उरलेल्या फांद्यांना बाहेर तोंड केलेला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, शोधून त्याच्या जरासा वर तिरका काप. काप तिरका अशासाठी की दवाचं पाणी डोळ्यावर न साचता मागच्या बाजूनं ओघळावं. कात्री दर झाडानंतर फडक्यानं पुसत होते. मी विचारलं, एवढं खाली कापताय, येईल ना? तर म्हणाले, “आत्ता भादरलं तर दीड म्हैन्यानं फूल. न्हाय भादरलं तर नुसत्या काठ्या.” कोजागरी ते दिवाळी हा छाटणीचा खरा काळ, आम्हाला चार-सहा दिवस उशीरच झाला होता.

कापलेल्या टोकांवर लावायला आणि झाडांवर मारायला त्यांनी बोर्डो, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बुरशीनाशक, जागेवर कालवलं. बाजारात तयार डबे मिळतात, पण मामा म्हणाले ताजं ते ताजं. आणि इथे आमची खरी गट्टी जमली.

प्लास्टिकच्या एका बादलीत पाच लिटर पाणी, त्यात १०० ग्रॅम मोरचूद. निळी निळी, माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटातल्या बरणीसारखी. दुसऱ्या बादलीत पाच लिटर पाण्यात १०० ग्रॅम कळीचा चुना विरवून, फडक्यानं गाळून. मग दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत, एक पोरगं काठीनं ढवळतंय. आकाशी रंगाचं गढूळ दूध तयार झालं. हे एक टक्क्याचं, फवारायचं. कापांवर आणि आंब्याच्या बुंध्यावर लावायचं मलम वेगळं, दसपट घट्ट. एका लिटरला दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम. मोरचूद लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात कालवायचं नाही, हे मामांनी पोराला दोनदा बजावलं.

मग त्यांनी कमरेचा विळा काढला, पातं बोटानं पुसलं आणि बादलीत बुडवून धरलं. मिनिटभरानं वर काढून उन्हात तिरकं धरलं. पात्यावर फिकट तांबूस झाक.

“चुना कमी पडला,” मामा.

मला हसूच आलं. दहावीच्या वर्गाला दर वर्षी मी हाच प्रयोग मांडून द्यायचे. परीक्षानळीत मोरचुदाचं द्रावण, दोऱ्याला बांधून सोडलेला लोखंडी खिळा. लोखंड तांब्याला हुसकून लावतं आणि तांबं येऊन खिळ्यावर बसतं. खिळा तांबूस, निळं पाणी हिरवट. ३१ वर्षं खिळे घासून ठेवण्याचं काम माझं. विळ्यावर तांबं चढलं, म्हणजे द्रावणात मोकळं तांबं अजून शिल्लक आहे, ते पानांना भाजणार. मामांनी चुन्याची निवळी थोडी थोडी घालत तीनदा विळा बुडवला. तिसऱ्या वेळी पातं स्वच्छ निघालं.

“कुणी शिकवलं हे?”

“तासगावाकडं द्राक्षाच्या बागंत नऊ वर्सं काढली बाई. तिथं विळा बुडवल्याबिगर पंप खांद्याला लावू देत न्हवते.”

या औषधाचं जन्मगावही द्राक्षांचंच. फ्रान्समध्ये बोर्दोच्या बाजूला रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घोस तोडू नयेत म्हणून. निळे डाग बघून चोर लांब राहत. मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या त्याच वेलींना केवडा रोग नाही आणि आतल्यांना आहे. १८८५ मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं. मामांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, “चोरांमुळं का हुईना, आमचं पोट चाललं.” चहा झाला. यांनीही येऊन गप्पांत भाग घेतला आणि मनगट दाखवलं.

तेवढ्यात पाण्याचा आवाज. एका पोरानं आंब्याला छान गोल आळं करून त्यात नळी सोडलेली. मी आणि मामा एकदमच ओरडलो. “आरं, त्येला आता पाणी न्हाय दाखवायचं! पालवी फुटंल, म्होर न्हाय यायचा!” पाऊस संपल्यावर आंब्याला ताण हवा असतो. जमीन कोरडी आणि रात्री गार असल्या की झाड पानांचा नाद सोडून मोहराकडे वळतं. त्याला पाणी आणि युरिया चारत बसलं की ते नुसतं हिरवंगार होतं, आणि मार्चमध्ये आपण शेजारच्यांच्या कैऱ्या मोजत बसतो. फळ वाटाण्याएवढं धरेपर्यंत आमच्याकडे आंब्याला पाणी बंद. पोराचा दोष नाही, त्याच्या यादीत ‘सर्व झाडांना आळी करणे’ असं लिहिलेलं होतं. नळी दोनच मिनिटं चालली होती, आळं मोडून टाकलं.

बाकीचं भराभर सांगते. गच्चीच्या पन्हाळीत पाला अडकून पाणी तुंबलं होतं, तो काढला. कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या केल्या, डास गेले. पाचोळा पेटवायला निघाले होते, तो मी जाळीच्या पिंजऱ्यात भरून घेतला. थोडा शेणकाला शिंपडून दाबून ठेवलाय, उन्हाळ्यापर्यंत खत होईल. ओसरीवरचा सागवानी झोपाळा सुरेख केला. पॉलिशपेपरनं घासून, धूळ पुसून, जवसाच्या तेलाचे दोन हात. कड्यांना ग्रीस. लाकडाचा रंग असा उघडला की हे म्हणाले नवीन आणलास का. एकच सांगायला हवं. तेलाची फडकी पोरांनी चुरगळून प्लास्टिकच्या पिशवीत भरली होती. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा कोंडून ठेवला तर आपोआप पेटू शकतो. फडकी दोरीवर पसरून वाळवायची, मग टाकायची. तीही दोरीवर घातली.

आता दोन तक्रारी, ज्या दुसऱ्या दिवशी लक्षात आल्या.

पहिली, कुंड्या. जाताना पोरांनी सगळ्या कुंड्या दक्षिणेच्या भिंतीलगत शिस्तीत लावल्या, उंचीप्रमाणे, कवायतीसारख्या. फोटोला झकास. पण आमच्या दक्षिणेला शेजाऱ्यांची तीन मजली इमारत. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा तिची सावली भिंतीपाशीच संपते. डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कलतो की ऐन दुपारीसुद्धा जेमतेम ४९ अंशांवर असतो. दहा मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा पावणेनऊ मीटर पडते. म्हणजे गुलाब आणि शेवंती दिवसभर अंधारात. गुलाबाला किमान पाच-सहा तास ऊन हवं, सावलीत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, तेवढी जोरात येते. माझ्यानं त्या कुंड्या उचलणं शक्य नव्हतं. भाच्याला बोलावून उत्तरेच्या कडेला हलवल्या. हिवाळ्याची तयारी म्हणून आलेल्या माणसानं आधी ऊन कुठून येतंय ते बघायला नको?

दुसरी, हिरवी शेडनेट. ‘थंडीपासून संरक्षण’ म्हणून ₹१,४०० ची पन्नास टक्के सावलीची जाळी त्यांनी न विचारता आणली आणि वाफ्यांवर ताणली. मी तेव्हा चहाची भांडी घासत होते. ती जाळी उन्हाळ्यात ठीक. हिवाळ्यात आधीच ऊन तिरकं आणि थोडं, त्यातलं निम्मं अडवून कोथिंबिरीचं काय संरक्षण होणार? थंडीचं म्हणाल तर दवबिंदू गोठतात ते महाबळेश्वरात, वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्यात. महाबळेश्वर आमच्याहून सुमारे सहाशे मीटर उंच. शिवाय निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडून गार होते आणि जड गार हवा वाहत खोलगट जागी साचते. तिथल्या स्ट्रॉबेरीवाल्यांना त्याची काळजी करावी लागते. मंगळवार पेठेत माझ्या ओसरीवर प्रयोगशाळेचा जुना तापमापक टांगलेला आहे. या वर्षी आतापर्यंत पहाटे सर्वांत कमी १२ अंश दाखवलंय. एवढ्या थंडीत तुळस कुरकुरते, तिची पानं झडतात. तिच्या मंजिऱ्या खुडून पाणी कमी केलं की ती माघात सावरते. जाळी मी परत केली, पैसे बिनबोभाट वजा झाले.

बिल असं: पॅकेज ₹३,५००, शेणखताच्या दोन गोणी ₹३००. मामांच्या हातावर २०० वेगळे ठेवले, पोरांना चिवड्याचा डबा. उखडलेल्या दर्जेबद्दल फोन केला तर तिसऱ्या दिवशी एक पोरगं वाळू-सिमेंट घेऊन आलं आणि गुडघ्यावर बसून तासभर दर्जा भरून गेलं. एक पैसा मागितला नाही. नवा भरलेला पट्टा जरा पांढरट दिसतो, पण पक्का आहे.

हे सगळं झालं त्याला आज ४९ दिवस. घाईनं लगेच लिहिलं असतं तर दोन तारे दिले असते. पण मेथी चौथ्या दिवशी वर आली, महिन्याभरात एक खुडणी झाली आणि थालीपिठात गेलीसुद्धा. धने मी रगडून दोन फाकी करून पेरले होते, त्यांनी दहा दिवस वाट बघायला लावली. पावट्याच्या वेलावर मावा दिसतोय, सकाळी पाण्याचा फवारा मारून पाडते. पाणी आता सगळ्यांना सकाळीच देते. संध्याकाळी दिलं की पानं रात्रभर ओली राहतात.

गुलाबाचं पहिलं फूल ४६ व्या दिवशी. मामांनी दीड महिना सांगितलं होतं. अकरापैकी नऊ झाडांना कळ्या आहेत, एकही काप काळा पडलेला नाही. उरलेली दोन त्या भिंतीलगतच्या सावलीतून सर्वांत उशिरा हललेली.

मालकाला फोन करून सांगितलं, पुढच्या वर्षी कोजागरीनंतरच्या पहिल्या सोमवारी मामांना पाठवा, पोरं दुपारनंतर आली तरी चालतील. तो म्हणाला, “काकू, मामांची आत्तापासूनच तारीख धरून ठेवतात लोक.” मी म्हटलं, मग माझीही धर. आणि पत्रकावरचा तो बर्फाचा बाक काढ. म्हणाला, छापून झालीत पाच हजार, संपली की काढतो.